गुंड्या काय विसरला आणि काय नाही? (मेंदूला मार बसलेल्या प्राण्याची आठवण आणि शिकणं)

मुठाकाठी (कर्वेनगर)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आमचा गुंड्या. गावठी, वय अंदाजे पाच, पिल्लू असताना नदीपात्रातल्या रस्त्यावरून उचलून आणलेला. पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुचाकीने उडवलं आणि डोक्याला मार बसला. शुद्धीवर आला, मग आकडी यायला लागली, गोळ्या सुरू झाल्या. एमआरआय सुचवला होता, पण त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते म्हटल्यावर आम्ही कच खाल्ली. आता चालतो, खातो, शेपटी हलवतो.

पण काही गोष्टींचा मेळ लागत नाही. 'हात दे' म्हटलं की पंजा देतो. साखळी वाजली की उड्या मारतो. मात्र घरात शू करायला लागलाय, जे पिल्लूपणानंतर कधीच केलं नव्हतं. सोसायटीच्या गेटपासून नेहमीची फेरी सुरू केली तर मला न विचारता बरोब्बर घरी आणून सोडतो. पण परवा रिक्षातून मारुतीच्या देवळापाशी उतरलो, तिथून आमचं गेट दिसतं, तरी पठ्ठ्या भलत्याच गल्लीत शिरला. मागच्या फाटकाने आलो तरी तोच घोळ. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, जिथे अपघात झाला त्या जागेवरून निवांत हुंगत जातो, पण कुठेही स्कूटरचा हॉर्न वाजला की थरथरत माझ्या पायात.

सासूबाई म्हणतात, डोक्याला मार लागलाय, विसरणारच. नवरा म्हणतो, लाडावलाय, नाटकं करतो. मला विचारायचंय ते असं की अर्धं आठवतंय आणि अर्धं नाही, असं होतं का? आणि गेलेलं पुन्हा शिकवता येतं का?

खवचट_पुणेकर

आमच्या सोसायटीचे चेअरमन पण असेच आहेत. मेंटेनन्स कोणी थकवला ते आठवतं, पाण्याची टाकी धुवायची आठवत नाही. डोक्याला मार नाही बसलेला.

मी_नुसती_वाचते

खवचट, प्रत्येक धाग्यावर चेअरमन आणलेच पाहिजेत का? मुठाकाठी ताई, गुंड्याला गोड पापा. वाचतेय.

डॉ_शेपटी

मी प्राण्यांचा डॉक्टर आहे. इथे निदान करणार नाही, करूही नये. तरी 'विसरला' असा शिक्का मारण्याआधी तीन गोष्टी सांगा.

गोळी कोणती आहे? जेवल्यावर ताटलीत उरलेलं नेमकं कुठे असतं? आणि घरात येरझाऱ्या घालताना तो एकाच बाजूला वळतो का?

मुठाकाठी

डॉक्टर, गोळी फेनोबार्बिटोन. वळतो हो, नेहमी उजवीकडेच. सोफ्याभोवती उजव्या अंगाने फेऱ्या मारतो, आम्हाला वाटलं अस्वस्थ आहे.

आणि ताटलीचं तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता मुद्दाम शेजारी बसून पाहिलं. दहीभात आणि चिकन घातलं होतं. उजवी बाजू चाटूनपुसून लख्ख, डावीकडचा भात जसाच्या तसा, मधे सरळ रेघ. मग तोंड वर करून माझ्याकडे बघत बसला, 'अजून दे' असं. मी ताटली फक्त फिरवली, तर उरलेलंही फस्त केलं! इतके दिवस मी 'अन्नावरची वासना कमी झाली' म्हणून काळजी करत होते.

डॉ_शेपटी

हे पाहिलंत ते बरं झालं. मोठ्या मेंदूच्या एका बाजूला इजा झाली की प्राण्याला जगाची दुसरी बाजू जाणवेनाशी होते. डोळा शाबूत असतो, पण त्या बाजूकडून आलेल्या माहितीची मेंदू दखल घेत नाही. गुंड्याच्या बाबतीत लक्षणं मेंदूच्या उजव्या बाजूकडे बोट दाखवतात. म्हणून डावीकडचा भात त्याच्या लेखी नाहीच, आणि तो वळतोही ज्या बाजूला इजा आहे तिकडेच. कुत्र्यात डोळ्याच्या नसेतले साधारण तीन चतुर्थांश तंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात, त्यामुळे हा फरक ठळक दिसतो.

घरी बघायचं असेल तर उजवा डोळा हलकेच झाका आणि डाव्या डोळ्यासमोर एकदम बोट आणा. वारा लागता कामा नये, मिशांना स्पर्श होता कामा नये, नाहीतर त्यामुळेच डोळा मिटेल. मग बाजू बदलून करा.

आता मला सांगा, मागच्या फाटकाने येताना तुमची इमारत कोणत्या हाताला लागते?

शूचं म्हणाल तर फेनोबार्बिटोनने तहान वाढते आणि लघवीही वाढते. भूक पण वाढते. संडास-बाथरूमची शिस्त तो विसरला असं नाही, त्याला कळ सोसत नाही. दिवसातून दोनदा नेत असाल तर चार वेळा न्या आणि काय फरक पडतो बघा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद किंवा कमी करू नका. अचानक तोडली तर आकडी उलटते आणि ती जिवावर बेतू शकते. तुमच्या डॉक्टरांना रक्तातली औषधाची पातळी तपासायला सांगा.

मुठाकाठी

इमारत डाव्या हाताला. आईशप्पथ.

बोटाची परीक्षा केली. उजवा डोळा पटकन मिटतो, डावा ढिम्म. नवऱ्याने स्वतः करून पाहिली आणि 'नाटकं' हा शब्द मागे घेतला.

पण मग देवळापासूनचं काय? तिथून गेट समोरच आहे, किंचित उजवीकडेच.

टेकडीवरचा_म्हातारा

मी एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. आता सकाळी वेताळ टेकडी आणि दुपारी हे संस्थळ. देवळाच्या प्रश्नाकडे येतो, पण थोडं मागून येतो. म्हाताऱ्यांना ती मुभा असते.

डॉक्टरांनी जो सवाल टाकला, की आठवण गेली की दुसरंच काही, तो दोनशे वर्षं जुना आहे. फ्रान्समध्ये फ्लुरां याने १८२० च्या दशकात कबुतरांच्या मोठ्या मेंदूचे गोलार्ध काढून टाकले. ती कबुतरं उभी राहत, हवेत सोडली तर उडत, चोचीत दाणा सरकवला तर गिळत. पण दाण्याच्या ढिगात बसवली तरी आपणहून टिपत नसत. त्याने निष्कर्ष काढला की इच्छा, समज आणि स्मृती सगळी त्या गोलार्धांत आहे आणि ती सगळीकडे सारखी पसरलेली आहे. पुढे जर्मन गोल्ट्झने कुत्र्यांवर तेच केलं. १८८१ मध्ये लंडनच्या वैद्यक परिषदेत तो असा कुत्रा घेऊन गेला, आणि फेरियर नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने त्याच्या विरोधात एक माकड आणलं. माकडाच्या मेंदूतला ठरावीक भाग काढला होता आणि त्याची नेमकी एकच बाजू लुळी होती. म्हणजे एक म्हणतो मेंदूत कामाची वाटणी नाही, दुसरा म्हणतो आहे. गोल्ट्झचा पुढचा एक कुत्रा मोठ्या मेंदूशिवाय दीड वर्ष जगला. चालायचा, खायचा, झोपायचा, पण रोज खायला घालणाऱ्याला ओळखायचा नाही.

मग आला लॅशले. अमेरिकन, हयात घालवली उंदरांवर. उंदराला भुलभुलैया शिकवायचा, मग मेंदूच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या थरात, वेगवेगळ्या जागी काप द्यायचे आणि आठवण कुठे जाते ते शोधायचं. १९२९ च्या त्याच्या पुस्तकाचा गाभा असा: काप कुठे दिला याने फारसं बिघडत नाही, किती दिला याने बिघडतं. १९५० मध्ये त्याने जवळजवळ हात टेकले आणि लिहिलं की हा सगळा पुरावा पाहता कधीकधी वाटतं, शिकणं मुळात शक्यच नसावं! माझ्या विद्यार्थ्यांना हे वाक्य फार आवडायचं, विशेषतः परीक्षेच्या आदल्या दिवशी.

खवचट_पुणेकर

म्हणजे आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो ते खरं तर?

डॉ_शेपटी

नाही. गुंड्याचा अर्धा भात बघा आणि मग सांगा कोणता नव्वद टक्के भाग रिकामटेकडा आहे.

पाषाणवाला

मी पाषाणला पीएचडी करतोय, माझा प्राणी फळमाशी. काकांचा प्रतिसाद भारी, पण लॅशलेवर एक आक्षेप नोंदवतो. भुलभुलैयातला उंदीर डोळे, नाक, मिशा, पायाखालचा स्पर्श, सगळं वापरतो. सालीचा मोठा तुकडा काढला की यातली दोन-तीन इंद्रियं एकदम अधू होतात. उंदीर जास्त चुकतो, पण ती आठवण गेल्याची खूण कशावरून? हंटर या मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्येच हे म्हटलं होतं. म्हणजे गुंड्याचा अर्धा भातच.

टेकडीवरचा_म्हातारा

पाषाणवाला, तुझा आक्षेप मान्य, पण लॅशलेने त्याला उत्तर दिलं होतं, ते कोणी शिकवत नाही. त्याने उंदरांना आधी आंधळं केलं, मग भुलभुलैया शिकवला, आणि मग मेंदूतला दृष्टीचा भाग काढला. डोळे नव्हतेच, तेव्हा दृष्टी जाण्याचा प्रश्न नाही. तरी ते उंदीर साफ बिघडले. १९४३ चा प्रबंध. तेव्हा म्हातारा अगदीच बावळट नव्हता.

पाषाणवाला

हे मला माहीत नव्हतं काका. शोधून वाचतो.

तरी एक मुद्दा राहतोच. भुलभुलैया हे काम इतकं मिश्र आहे की त्यात एक जागा सापडणं अवघडच. सशाचं उदाहरण घ्या. एक आवाज ऐकवायचा आणि लगेच डोळ्यावर हवेचा झोत सोडायचा. काही दिवसांत ससा नुसत्या आवाजालाच पापणी मिटायला लागतो. मॅककॉर्मिक आणि थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की लहान मेंदूतल्या एका गाभ्यात अगदी बारीक, मिलिमीटरच्या हिशेबातली इजा केली तर हे शिकलेलं पापणी मिटणं कायमचं जातं. प्रत्यक्ष झोत आला की डोळा व्यवस्थित मिटतो. म्हणजे स्नायू ठीक, कान ठीक, फक्त शिकलेला धागा तुटला. काम साधं घेतलं की जागा सापडते.

माझ्या माशीचंही तसंच. तिच्या मेंदूत छत्रीसारखे दोन भाग असतात. डी बेल आणि हायझेनबर्ग यांनी १९९४ मध्ये अळीला एक रसायन खायला घालून ते वाढूच दिले नाहीत. त्या माशांना वास येतो, विजेचा झटकाही लागतो, पण अमुक वास आला की झटका बसतो ही सांगड काही बसत नाही.

मुठाकाठी

दोघांचं वाचायला मजा येतेय, पण माझं देऊळ?

टेकडीवरचा_म्हातारा

हो हो, येतो देवळाकडे. मेंदूच्या आत, कानाच्या पातळीवर दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये उंदरांसाठी एक गोल हौद तयार केला. पाणी गढूळ करायचं, दूध घालून, आणि पृष्ठभागाच्या जरा खाली एक छोटा पाट लपवायचा. उंदराला पोहायला आवडत नाही, त्यामुळे तो पाट शोधतो. खोलीतली खिडकी, दिवा, कपाट यांच्यावरून तो जागा हेरतो, आणि थोड्या सरावाने हौदात कुठूनही सोडा, सरळ पाटाकडे जातो. हिप्पोकॅम्पस काढलेला उंदीर फिरत राहतो. पण पाट पाण्याच्या वर काढून दिसेल असा ठेवला तर तोही थेट जातो. म्हणजे पोहता येतं, दिसतं, सुटकेची इच्छाही आहे. जागेचा नकाशा तेवढा नाही.

आता तुझ्या कामाची गोष्ट. १९९० मध्ये आयकेनबॉम यांच्या गटाने हिप्पोकॅम्पसचा संपर्क तोडलेल्या उंदरांना दर वेळी हौदात एकाच ठिकाणाहून सोडलं. तर ते शिकले! हळूहळू, पण शिकले. मग सोडण्याची जागा बदलली आणि पुन्हा भरकटले. गेटपासूनची फेरी आणि देवळापासूनची वाट यांत फरक आहे तो हाच.

पाषाणवाला

याच्यावर सगळ्यात सुंदर प्रयोग पॅकार्ड आणि मॅकगॉ यांचा, १९९६ चा. अधिकच्या चिन्हासारखी चार फाट्यांची वाट. उंदराला रोज दक्षिणेकडून सोडायचं, खाऊ पश्चिमेच्या फाट्यात. आठवडाभराच्या सरावानंतर त्याला एकदम उत्तरेकडून सोडलं. बहुतेक उंदीर खाऊच्या जागेकडेच गेले, म्हणजे वळण उलटं घेतलं. पण सोळाव्या दिवशी हीच परीक्षा घेतली तर बहुतेक जण 'डावीकडे वळ' या सवयीने भलत्या फाट्यात गेले.

मग त्यांनी मेंदूचा एकेक भाग लिडोकेनने तात्पुरता बधिर केला, दाताच्या डॉक्टरकडचंच औषध. आठव्या दिवशी हिप्पोकॅम्पस बधिर केला तर जागेची आठवण गेली. सोळाव्या दिवशी मेंदूतळाचा कॉडेट नावाचा, सवयी सांभाळणारा भाग बधिर केला, तर गंमत बघा, उंदीर सवय सोडून पुन्हा बरोबर जागेकडे जायला लागले. नकाशा पुसला गेलाच नव्हता, सवय त्याच्यावर चढून बसली होती. दोन्ही एकाच डोक्यात, एकाच वेळी.

गुंड्याचं बहुधा याच्या उलट झालंय. सवय शाबूत, नकाशा अधू. 'हात दे' आणि साखळीही सवयीच्याच खात्यात.

आणि तुमच्या हॉर्नच्या कोड्यावर १९९२ मध्ये किम आणि फॅन्सेलो यांनी काम केलंय. उंदराला एका पेटीत आवाज ऐकवून पायाला हलका झटका दिला. मग तो त्या आवाजाला घाबरतो आणि नुसत्या पेटीलाही घाबरतो. दुसऱ्याच दिवशी हिप्पोकॅम्पसला इजा केली तर पेटीची भीती गेली आणि आवाजाची राहिली. आवाजाच्या भीतीला अमिग्डला, म्हणजे मेंदूतला भीती सांभाळणारा भाग, पुरतो, जागेच्या भीतीला हिप्पोकॅम्पसही लागतो. मात्र इजा चार आठवड्यांनी केली तर पेटीची भीतीही बरीचशी टिकली. तोवर आठवणीचा भार दुसरीकडे सरकलेला असतो. गुंड्याच्या बाबतीत धडक आणि इजा एकाच क्षणी, त्यामुळे ती जागा डोक्यात बसायला वेळच मिळाला नाही. अर्थात एका कुत्र्यावरून मी पैज लावणार नाही. हॉर्नचा धसका त्याला आधीपासून असेल, किंवा कानाला काही झालं असेल.

मुठाकाठी

आधी नव्हता. दिवाळीत फटाक्यांनासुद्धा घाबरायचा नाही, एवढं नक्की सांगू शकते.

भूतदया

मी मघापासून वाचतेय आणि मला मळमळतंय. कबुतराचा मेंदू काढला, उंदीर आंधळे केले, सशाच्या डोक्यात सुया घातल्या, आणि तुम्ही 'सुंदर प्रयोग' म्हणता? मुक्या जिवांची डोकी फोडून मिळवलेलं ज्ञान आहे हे.

पाषाणवाला

ताई, 'सुंदर' हा शब्द प्रयोगाच्या रचनेला होता, पण तुमचं म्हणणं पोचलं. आपल्याकडे १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याखालच्या समितीची परवानगी घेतल्याशिवाय उंदरालाही हात लावता येत नाही. मी माशीवर काम करतो त्यामागे हे एक कारण आहेच.

भूतदया

कायदा कागदावर असतो. आणि तुमची माशी तरी कुणाची?

डॉ_शेपटी

भूतदया ताई, वाद रास्त आहे आणि तो इथे मिटणार नाही. फक्त एक सांगतो. १९८१ मध्ये अमेरिकेत सिल्व्हर स्प्रिंग इथल्या एका प्रयोगशाळेवर पोलिसांचा छापा पडला, माकडांचे हाल बघवत नव्हते. तिथे माकडाच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा कापत. माकड तो हात वापरणं सोडून द्यायचं, हलवता येत असूनही. चांगला हात बांधून ठेवला की अधू हाताने उचलायला लागायचं. आज पक्षाघाताच्या रुग्णांचा चांगला हात बांधून अधू हाताकडून काम करून घेतात, ती पद्धत तिथून आली. माझ्या आईला हीच कसरत दिली होती. मला दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवाव्या लागतात, त्यातून सुटका सापडलेली नाही.

गुंड्यालाही हे लागू आहे. ताटली फिरवून देऊ नका, निदान दर वेळी नाही. खाऊ मुद्दाम डावीकडून द्या, आधी नाकाजवळ, मग हळूहळू डावीकडे न्या. हाक डावीकडून मारा. तुम्ही चालताना त्याच्या डाव्या अंगाला राहा, म्हणजे गाडीकडची बाजू तुम्ही सांभाळाल.

कबुतरखाना

आमच्या वाड्याच्या गच्चीवर आजोबांच्या काळापासून कबुतरं. शर्यतीचं कबुतर लांब नेऊन सोडलं की ते गोल मारून दिशा धरतं. एकदा घारीने झडप घातली, डोक्याला चोच लागली. नर वाचला. पुढे लांबून सोडला की घराच्या दिशेनेच यायचा, पण पेठेत येऊन शेजारच्या गच्च्यांवर फिरत बसायचा. आम्ही म्हणायचो, वेडा झाला. हे तेच का?

टेकडीवरचा_म्हातारा

तुमच्या नराचं छातीठोक सांगता येणार नाही, पण बिंगमन आणि इटलीतल्या मंडळींनी कबुतरांचा हिप्पोकॅम्पस काढून नेमकं असंच पाहिलंय. अनोळखी ठिकाणाहून सोडली तरी घराची दिशा बरोबर धरतात, कारण ते काम सूर्य आणि वासावर चालतं. खुणा बघून वाट काढायची वेळ आली की घोटाळतात.

याहून भारी उदाहरण अमेरिकेतल्या चिकॅडी नावाच्या पिटुकल्या पक्ष्याचं. तो दाणे झाडांच्या सालीत, फटीत, एकेक वेगळ्या जागी लपवतो आणि पुढे आठवणीने काढतो. १९८९ मध्ये शेरी आणि व्हॅकारिनो यांनी हिप्पोकॅम्पस काढलेले चिकॅडी पाहिले. लपवण्याचा उत्साह तेवढाच, जागा निवडणंही व्यवस्थित. काढायला आले की मात्र अंदाजपंचे दाहोदरसे.

सहकारनगरची_सुमी

अवांतर होतंय का सांगा. आमची लॅब्रॅडॉर चौदा वर्षांची आहे. मार वगैरे काही नाही. पण रात्री उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहते, दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन दार उघडायची वाट बघते, दिवसा झोपते. तिलाही हेच का?

डॉ_शेपटी

अवांतर अजिबात नाही. दाराच्या चुकीच्या बाजूला उभं राहणं हे म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशाचं नेहमीचं लक्षण आहे. माणसांच्या अल्झायमरमध्ये जे अमिलॉइड नावाचं प्रथिन साचतं तेच म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही साचतं. २००१ च्या एका अमेरिकी पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५-१६ वर्षांच्यांपैकी ६८ टक्क्यांत असं किमान एक लक्षण दिसलं होतं. आधी थायरॉइड, मूत्रपिंड, रक्तदाब, डोळे, कान आणि सांधेदुखी तपासून घ्या, कारण सांधे दुखणारं कुत्रंही रात्री असंच उभं राहतं. औषधं आहेत, पण तपासणीनंतर.

आहाराचं आणि खेळाचं महत्त्व मात्र खरं आहे. म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांवर काही वर्षं चाललेल्या अभ्यासात एका गटाला ऑक्सिडीकरण रोखणारे घटक घातलेला आहार, दुसऱ्याला सोबत, फिरणं आणि कोडी, तिसऱ्याला दोन्ही दिलं. दोन्ही मिळालेला गट सगळ्यात चांगला टिकला. फर्निचर हलवू नका. रात्री एक छोटा दिवा ठेवा.

खवचट_पुणेकर

एक गंभीर प्रश्न, खरंच. गुंड्या पिल्लू असता तर सगळं भरून आलं असतं ना? लहान वयात मेंदू लवचीक असतो म्हणतात.

पाषाणवाला

सूर्य पश्चिमेला उगवला. १९३० च्या दशकात मार्गारेट केनार्ड यांनी पिल्लू-माकडं मोठ्या माकडांपेक्षा चांगली सावरतात असं दाखवलं, त्यावरून हा समज पसरला. पण सरसकट खरं नाही. कोल्ब यांच्या उंदरांत जन्मानंतर पहिल्या चार-पाच दिवसांत इजा झाली तर परिणाम फार वाईट, साधारण दहाव्या दिवशी झाली तर आश्चर्य वाटावं इतकी सुधारणा. मेंदू त्या घटकेला कोणतं बांधकाम करतोय त्यावर आहे.

झेब्रा फिंच पक्ष्यात तर उलटंच. त्याच्या मेंदूतला एक ठरावीक भाग गाणं शिकत असलेल्या पिल्लात बिघडवला तर गाणं कायमचं कच्चं राहतं. तोच भाग गाणं पक्कं झालेल्या मोठ्या नरात बिघडवला तर तो आधीसारखाच गात राहतो. १९८४ मधलं काम. शिकायला लागणारा भाग आणि शिकलेलं वठवणारा भाग वेगळे.

टेकडीवरचा_म्हातारा

माकडांवरून आठवलं, आणि हे सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाची आकडी थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आजूबाजूचा भाग काढला. आकडी कमी झाली, पण नवी घटना लक्षात राहणं संपलं. लगेच माकडांवर तशीच शस्त्रक्रिया करून पाहिली, तर माकडं म्हणे ठणठणीत! वीस-पंचवीस वर्षं सगळे बुचकळ्यात. माणसाचा मेंदूच वेगळा असेल असं म्हणून झालं.

खोट परीक्षेत होती. माकडांना तीच जोडी पुन्हा पुन्हा दाखवून 'लाल ठोकळ्याखाली शेंगदाणा' असं शिकवत. ते सवयीने जमतं. मिश्किन यांनी १९७८ मध्ये प्रश्न बदलला. एक वस्तू एकदाच दाखवायची, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग तीच वस्तू आणि एक कोरी करकरीत नवी वस्तू पुढे ठेवायची. शेंगदाणा नव्या वस्तूखाली. आता माकडाला आठवायलाच हवं की मघाशी काय पाहिलं होतं. आणि ती माकडं कोसळली. थांबायचा वेळ वाढवला की आणखी कोसळली. तेव्हा हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डला मिळून दोषी धरले गेले. पुढे कळलं की अमिग्डला निर्दोष, शस्त्रक्रियेत त्याच्या खालची साल कापली जात होती, खरी गोम तिथे होती.

पंचवीस वर्षं माकडं विसरत होती आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण विसरायला लागेल असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मुठाकाठी

काका, हे वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, 'मग गुंड्याला नीट विचारा की.' तर विचारायचं कसं? घरच्या घरी?

खबर अशी: चार वेळा बाहेर नेल्यापासून घरात शू जवळजवळ बंद. डावीकडून खाऊ देणं सुरू आहे, मान अजून आपणहून वळत नाही, पण हाक डावीकडून मारली की कान वळतो. रक्ताची तपासणी पुढच्या आठवड्यात.

पाषाणवाला

दोन सारख्या वाट्या उलट्या ठेवा, एक डावीकडे एक उजवीकडे, पण दोन्ही त्याच्या उजव्या अंगाला सरकवून, म्हणजे दिसण्याचा प्रश्न मिटेल. त्याच्या देखत एकीखाली खाऊ ठेवा. लगेच सोडा. हे दहापैकी आठ-नऊ वेळा जमलं की मग पट्टा धरून अर्धा मिनिट थांबवा, मग सोडा. लगेच जमतंय आणि थांबवल्यावर चुकतंय, तर आठवणीचा प्रश्न आहे असं समजायला जागा आहे. लगेचसुद्धा जमत नसेल तर नजर, लक्ष किंवा गोळीची गुंगी, यांतलं काहीतरी आहे. खाऊची बाजू नाणं उडवून ठरवा. आपण ठरवलं की नकळत आलटून पालटून ठेवतो आणि कुत्रं ते हेरतं. आणि ठेवणाऱ्याने त्या वाटीकडे बघायचं नाही, ती आपली नजर वाचतात.

टेकडीवरचा_म्हातारा

दोन्ही वाट्यांना आतून आधी चिकन चोळून घे. नाहीतर तू आठवणीची परीक्षा घेशील आणि तो नाकाने पास होईल.

वाटेसाठी एक: देवळापासून घर पुन्हा शिकवायचं तर दर वेळी नेमक्या एकाच जागेवरून सुरुवात कर. नकाशा परत येईल न येईल, ती एक वाट सवयीत बसेल. मग दुसरी. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला मात्र आजच घाल.

मी_नुसती_वाचते

आमच्याकडे घरात चिकन चालत नाही. आमच्या मांजरीवर करून बघायचंय, पनीर चालेल का?

डॉ_शेपटी

चालेल. दोन्ही वाट्यांना चोळा म्हणजे झालं. मांजर दहा वेळा ऐकून घेईल याची मात्र हमी नाही.